भिजल्याशिवाय नक्षी नाही: मोटारसायकलची कोरीव चामडी सीट कशी बनते

एखाद्या मोटारसायकलवर तपकिरी चामड्याची, फुलापानांच्या नक्षीची सीट दिसली की बघणाऱ्याला वाटतं, लाकडावर कोरतात तसंच हे काम असणार. नको तो भाग खरवडून काढला, उरलं ते फूल. प्रत्यक्षात या कामात चामड्याचा कणही निघत नाही. सुरीनं चीर द्यायची आणि चिरेच्या एका बाजूचं चामडं ठशानं ठोकून खाली बसवायचं, एवढंच. दुसरी बाजू होती तिथेच राहते, म्हणून ती वर आल्यासारखी वाटते. पाकळीचा उठाव म्हणतो तो खरं तर तिच्या शेजारी दबलेल्या जागेमुळे दिसतो.

मग दाबलेलं चामडं दबलेलंच का राहतं? सोफ्याच्या चामड्यावर नख दाबलं तर खूण थोड्या वेळात नाहीशी होते. फरक आहे तो चामडं कसं कमावलंय यात, आणि पाण्यात. कारागिराचे सगळे सोपस्कार आणि पुढे मालकाच्या डोक्याला होणारा बहुतेक ताप या दोन गोष्टींमधूनच येतो, त्यामुळे आधी त्या समजून घेतलेल्या बऱ्या.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. कच्चं ठेवलं तर ते कुजतं, नुसतं वाळवलं तर ताठ होतं. कमावताना या तंतूंमध्ये असं काहीतरी मुरवतात, की ते कुजत नाहीत आणि वाळल्यावर एकमेकांना चिकटून ताठही होत नाहीत. जुनी पद्धत वनस्पतींची. साल, फळं, लाकूड यांतलं टॅनिन कातड्यात मुरवायचं. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले, युरोपात ओक आणि चेस्टनट, दक्षिण अमेरिकेत केब्राचो. यात आठवडे जातात, जाड कातड्याला कधी कधी महिने. दुसरी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली, ती क्रोमियमच्या क्षारांची. काम झटपट होतं, चामडं मऊ राहतं, पाण्यालाही बऱ्यापैकी टिकतं. आज जगातलं बहुतेक चामडं असंच कमावलेलं असतं. जॅकेट, पर्स, मोटारीच्या सीटा, सगळं क्रोमचं.

नक्षीला मात्र क्रोमचं चामडं चालत नाही. ते लवचीक असतं, ठसा मारला तरी हळूहळू वर येतं. वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन तंतूंमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतं आणि चामडं भरीव होतं. त्यात पाणी मुरलं की तंतू एकमेकांवरून सरकतात. अशा वेळी दाब दिला तर ते जवळ येतात, आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच एकमेकांना धरून बसतात. नवी कोल्हापुरी आधी चावते आणि मग पायाच्या मापाची होते ती याच गुणामुळे. घामाची ओल आणि अंगाचं वजन मिळून तळव्याचा ठसा उमटवतात. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिच्या डिझाइनची चर्चा बरीच झाली, पण तिचा जीव या कमावणीत आहे.

दुकानात चामडं ओळखायचं असेल तर कापलेली कड बघावी. वनस्पतींनी कमावलेलं चामडं कडेलाही फिकट बदामी ते तपकिरी असतं. क्रोमच्या चामड्याच्या मध्यात बहुतेक वेळा निळसर-राखाडी पट्टा दिसतो. रंग न दिलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाकला तर पहिल्या जातीत तो लगेच शोषला जाऊन डाग गडद होतो, आणि त्या ओल्या जागी नखानं रेघ मारली तर वाळल्यावरही ती राहते. विक्रेता ‘शंभर टक्के प्युअर लेदर’ म्हणाला तर ते खरंही असेल, पण त्यातून आपल्याला हवं ते काहीच कळत नाही. कमावलंय कशात, एवढंच विचारावं.

चामड्यावर अशी फुलं उमटवायची परंपरा घोड्याच्या खोगिरांवर वाढली. स्पेनमधून ती मेक्सिकोत आली, तिथल्या गुराख्यांच्या खोगिरांवर रुळली आणि मग अमेरिकेच्या पश्चिम भागात पसरली. आज ज्या शैलीचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं ती वायोमिंग राज्यातल्या शेरिडन गावाची. डॉन किंग या खोगीर बनवणाऱ्या कारागिरानं विसाव्या शतकाच्या मध्यावर तिला आकार दिला. छोटी रानगुलाबं, प्रत्येक फुलाभोवती देठाचं वर्तुळ, वर्तुळं एकमेकांत गुंतलेली आणि मोकळी जागा जवळजवळ नाहीच. ठसे तो स्वतः घडवायचा. १९९१ मध्ये त्याला लोककलांसाठीची अमेरिकेची राष्ट्रीय फेलोशिप मिळाली.

घोड्यावरून ही नक्षी मोटारसायकलवर आली यात नवल नाही. पहिल्या मोटारसायकली म्हणजे इंजिन लावलेल्या सायकलीच होत्या, आणि त्यांची सीट म्हणजे स्प्रिंगवर बसवलेलं चामड्याचं खोगीर. हार्ले-डेव्हिडसननं मोठ्या गाड्यांना मागचं सस्पेन्शन दिलं ते १९५८ मध्ये. तोवर मागच्या चाकाचे धक्के सीटच्या स्प्रिंगाच झेलत. नंतर ज्यांनी गाड्यांमधलं जास्तीचं सामान उतरवून बॉबर आणि चॉपर बनवले, त्यांनी ती एकट्या माणसाची छोटी सीट ठेवली. पुढे नाकाशी एक बिजागरी, मागे दोन स्प्रिंगा. नक्षीदार सीटचा आजचा सगळा बाजार मुख्यतः या सोलो सीटभोवती आहे. आपल्याकडे जुन्या बुलेटला अशी स्प्रिंगची सीट असायची, त्यामुळे आपल्या लोकांच्या डोळ्यांनाही ती परकी नाही.

आता कामाकडे. चामडं साधारण ३.२ ते ३.६ मिलिमीटर जाडीचं घेतात. त्याहून पातळ असलं तर उठाव मिळत नाही, जाड असलं तर सीटच्या वळणावर बसत नाही. अख्ख्या कातड्याचा प्रत्येक भाग सारखा नसतो. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग घट्ट असतो, पोटाचा सैल आणि ताणला जाणारा. पोटाच्या चामड्यावर नक्षी काढली तर ठसे धूसर उमटतात, वर काही महिन्यांत सीट झोळते. स्वस्तातल्या सीटमध्ये बहुधा हाच भाग निघतो. अमेरिकेत हे काम गाईबैलांच्या चामड्यावर होतं. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे इथे मुख्यतः म्हशीचं चामडं मिळतं. ते दणकट असतं, पण त्याचा पोत भरड असतो, त्यामुळे बारीक शिरांची पानं त्यावर तेवढी रेखीव येत नाहीत. म्हशीच्या चामड्यावर मोठी पानं, ठळक वेल आणि मोकळी जागा ठेवावी असं मला वाटतं. शेरिडनची दाटी त्यावर उगाच कोंबू नये.

खरी अडचण पुढे येते, आणि इथेच नवे कारागीर अडकतात. सीट वळणाची आणि नक्षी सपाट. सीटचा सांगाडा म्हणजे पत्र्याचा किंवा फायबरचा तळ. तो नाकाशी निमुळता, मागे रुंद, मध्ये खोलगट आणि कडेला खाली उतरलेला असतो. सपाट चामडं त्यावर बसवायचं तर काही ठिकाणी ताणावं लागतं, काही ठिकाणी दाटवावं लागतं. आधी कोरून मग ताणलं तर गोल फुलं लंबगोल होतात आणि उठावही उतरतो. आधी सीट पूर्ण बनवून मग कोरावं, तर खाली फोम. ठोकायला खाली घट्ट आधार लागतो, फोमवर ठसा उमटतच नाही.

यावरची रीत थोडी लांबची आहे. चामडं कडेला भरपूर जास्तीचं ठेवून कापायचं, चांगलं भिजवायचं, फोमसकट तळावर घालून हातानं आणि हाडाच्या पट्टीनं दाबत दाबत बसवायचं, कडेला क्लिपा लावायच्या आणि तसंच पूर्ण वाळू द्यायचं. जो काही ताण पडायचा तो याच वेळी पडून जातो. वाळल्यावर कडेची रेघ, मधली रेघ आणि जिथे जास्त वळण आहे त्या जागा खुणेनं आखून घ्यायच्या. मग ते उतरवून, पुन्हा जरा ओलसर करून सपाट करायचं. आता कागदावरची नक्षी त्या खुणांमध्ये बसवायची. कसलेला माणूस मोठं फूल वळणाच्या जागी कधी ठेवत नाही, तिथे वेलाचा देठ जाऊ देतो. वेल थोडा वाकला तर कुणाला कळत नाही. ठोकताना चामडं पुन्हा पसरू नये म्हणून मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावतात. ती नसली तर काम संपेपर्यंत तुकडा दोन्ही बाजूंनी वाढलेला असतो आणि आखलेली कड कामाची राहत नाही.

कोरण्याआधीचं भिजवणं वेगळं. इथे चामडं चिंब नको, आतून सारखं ओलसर हवं. पाणी लावून ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवतात, म्हणजे ओल जाडीभर सारखी पसरते. सकाळी उघडं करून वाट बघायची. वरचा रंग हळूहळू परत फिका होऊ लागतो, पण गालाला लावलं तर अजून गार लागतं. कामाची वेळ ती. पाणी जास्त असेल तर दिलेली चीर पुन्हा मिटते आणि ठसा पसरट येतो. कमी असेल तर ठसा उथळ बसतो आणि रंग पालटत नाही. ओल बरोबर असली की ठशाखालचं चामडं प्रत्येक ठोक्यासरशी आपोआप गडद तपकिरी होत जातं. पुढे रंगही न देता नक्षी उठून दिसते ती या गडदपणामुळे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही वेळ जास्त लांबते, हा फायदाच. मात्र ओलं चामडं चार दिवस प्लास्टिकमध्ये विसरलं तर उघडताना बुरशी हमखास दिसते.

एक पान घेऊ. सुरी या कामाची खास असते. जाड पात्याची, वरच्या टोकाला तर्जनी टेकवायला खोबण, आणि दांडा अंगठा व मधल्या बोटात फिरता. तर्जनीनं दाब, बाकी दोन बोटांनी वळण. चीर चामड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत. पानाची कडा एका दमात ओढायची. मध्ये थांबून पुन्हा सुरू केलेली रेघ शेवटपर्यंत डोळ्यांना खुपत राहते. रेघ टोकाकडे येताना दाब कमी करत न्यायचा, म्हणजे ती बारीक होत विरून जाते. मग उताराचा ठसा. त्याची एक कड जाड, दुसरी पातळ. जाड कड चिरेला टेकवून कच्च्या चामड्याच्या मोगरीनं हलके, जवळजवळ ठोके मारत न्यायचं. ठसा प्रत्येक ठोक्याला अगदी जरासा सरकला पाहिजे. जास्त सरकला तर पायऱ्या पडतात, आणि हौशी काम लांबून ओळखू येतं ते या पायऱ्यांवरून. नंतर पानाच्या पोटात थेंबाच्या आकाराच्या गुळगुळीत ठशानं खोलगटपणा, मधल्या शिरेपासून कडेकडे वळणाऱ्या बारीक शिरा आणि शेवटी पानाबाहेरची सगळी जमीन बारीक ठिपक्यांच्या ठशानं खाली बसवायची. खाली ग्रॅनाइटची फरशी ठेवतात, म्हणजे ठोका वाया जात नाही. सगळ्यात शेवटी, दमट चामड्यावर, सुरीचे दोन-चार सजावटीचे फटकारे मारतात. ते मोकळ्या हातानंच मारायचे असतात, आणि कारागिराची सही म्हणावी तर तीच.

या सगळ्यात एक शत्रू असतो, लोखंड. टॅनिन आणि लोखंड ओलीत एकत्र आले की काळं होतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून आपल्याकडे शाई करत, ती हीच रासायनिक गंमत. ओल्या चामड्यावर कानशीचा चुरा पडला, गंजका ठसा ठेवला गेला किंवा नुसती लोखंडी पट्टी रात्रभर राहिली, की सकाळी निळसर-काळे डाग. म्हणून ठसे क्रोम चढवलेले किंवा स्टेनलेसचे घेतात. सीटचा तळ पत्र्याचा असेल तर त्यालाही नीट रंग किंवा पावडर कोटिंग पाहिजे. नाहीतर पहिल्या पावसातला गंज महिन्याभरात वर डोकावतो. याच गुणाचा फायदा घेऊन, व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस विरघळवून चामडं मुद्दाम काळंही करतात. तो काळा रंग पृष्ठभागावर बसलेला नसतो, चामड्यातच तयार झालेला असतो, त्यामुळे पँटला लागत नाही.

साध्या रंगाबद्दल तसं म्हणता येत नाही. स्पिरिटमध्ये कालवलेला रंग चामड्यात मुरतो, पण वर भुकटी उरते आणि ती सुती कापडानं पुसून पुसून काढावीच लागते. फुलांवर आधी लाखेसारखा पारदर्शक थर देतात आणि मग गडद लेप सगळीकडे फासून पुसून घेतात. थर असलेल्या उंच जागांवरून लेप निघून जातो, खाचांमध्ये अडकतो. जुनं झाल्याचा आभास येतो तो असा. शेवटी वरून संरक्षक थर. नवी सीट घेताना पांढरा रुमाल जरा ओला करून तिच्यावर जोरात घासून बघायला लाजू नये. रुमालाला रंग लागला तर पँटलाही लागणार.

फोमच्या बाबतीत ग्राहक आणि कारागीर यांचं नेहमी वाजतं. ग्राहकाला मऊ सीट हवी असते. पण खाली फार मऊ फोम असला तर प्रत्येक खड्ड्याला वरचं जाड चामडं वाकतं, सुरकुत्या धरतं आणि संरक्षक थर तडकतो. एकदा तो तडकला की तिथून पाणी आत. म्हणून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, घट्ट, बंद छिद्रांचा फोम वापरतात. उघड्या छिद्रांचा स्पंज पाणी पितो आणि चामडं खालून ओलं ठेवतो, तो तर नकोच. अशी सीट कडकच असते, आराम स्प्रिंगांनी द्यायचा असतो. लडाखला जायचं असेल तर ही सीट घरी ठेवून जावं.

नक्षी कुठे काढायची हाही विचार करावा. बसायच्या जागेवर दाट फुलं काढली तर ती दिसणार फक्त गाडी उभी असताना, आणि घासली जाणार रोज. नाकाच्या दोन्ही बाजूंना मांड्या घासतात, तिथला उठाव सगळ्यात आधी जातो. मागचा चढ आणि कडेची झालर या जागा खऱ्या नक्षीच्या. मध्यभाग साधा ठेवला तर सीट दिसायलाही चांगली दिसते.

कड जोडायच्या दोन रीती. एक म्हणजे एकाच मेण लावलेल्या दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया. आरीनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. मशीनच्या शिलाईत दोन दोरे नुसते एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे सैल होत जातात. दुसरी रीत म्हणजे चामड्याच्या बारीक वादीनं कड गुंफणं. त्यासाठी कांगारूच्या चामड्याची वादी नावाजलेली आहे. तिचे तंतू बरेचसे पृष्ठभागाला समांतर असतात, त्यामुळे पातळ करूनही ती मजबूत राहते. गुंफण्याआधी कडा रापीनं पातळ केल्या नाहीत तर कड जाडजूड दिसते.

सीट तयार झाली, आता ती पाण्यात जाणार. ज्या ओलीनं नक्षी बसवली, तीच पुन्हा आत शिरली की तंतू पुन्हा सरकायला मोकळे. भिजलेल्या सीटवर सत्तर किलोचा माणूस बसून तासभर खड्ड्यांतून गेला, तर ते सीटवर पुन्हा ठोकणंच झालं, फक्त नक्षीशिवाय. त्यामुळे पहिला नियम सीट भिजू न देण्याचा, आणि दुसरा, भिजलीच तर वाळेपर्यंत तिच्यावर न बसण्याचा. वाळवायची ती सावलीत, पंख्याखाली. वनस्पतींनी कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतं आणि कायमचं कडक होतं, क्रोमचं शंभराच्या आसपासही टिकतं. हेअर ड्रायर जवळ धरला किंवा हीटरसमोर ठेवलं तर त्या तापमानाला पोचायला वेळ लागत नाही. तेल देताना हात आखडता घ्यावा. जनावरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल यासाठी परंपरेनं वापरतात. थोडं दिलं तर तडे जात नाहीत, भसाभस दिलं तर चामडं ढिलं पडून नक्षीची धार जाते. वरून मेणाचा पातळ हात वर्षातून दोन-तीनदा द्यावा.

एक कागदोपत्री बाबही आहे. गाडीच्या नोंदणीपत्रात आसनक्षमता लिहिलेली असते. दोघांची सीट काढून एकट्याची बसवली तर ती नोंद आणि गाडी यांत फरक पडतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ अशा बदलांबद्दलच आहे. सीटला हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. मूळ सीटच्याच तळावर, तेवढ्याच लांबीची चामडी सीट करून घेतली तर हा प्रश्न येत नाही.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी माझा सल्ला साधा आहे. मूळ रेक्झिनची सीट विकू नये. सोलो सीट नाकाशी एका बोल्टवर आणि मागे दोन स्प्रिंगांवर बसते, ती पाना घेऊन थोड्या वेळात उतरते. मूळ सीटही आपल्याच बोल्टांवर परत बसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात चामडी सीट उतरवावी, कोरड्या कपड्यानं पुसून मेणाचा हात द्यावा आणि सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, बुरशी येते. मध्ये श्रावणात एकदा उघडून हवा द्यावी. पावसाळ्यात गाडी रेक्झिनवर चालवावी आणि दसऱ्याला गाडी धुऊन पुसून झाली की सीट परत चढवावी.